दोन्ही हात प्लास्टरमध्ये असताना

चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून माझी दोन्ही मनगटे मोडली आणि पुढचे सहा आठवडे दोन्ही हात प्लास्टरमध्ये राहिले. एक हात मोडला तर माणूस दुसऱ्यावर भागवून नेतो. दोन्ही अडकले की नाकावर बसलेली माशीसुद्धा दुसऱ्या कोणीतरी हाकलावी लागते. तोवर कोणाचेही मिंधे राहायचे नाही या बाण्याने मी जगत आले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

रुग्णालयात ज्या मावशी मला न्हाणीघरात नेत, त्या अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मला स्वच्छ करताना त्या चेहरा किंचित बाजूला वळवत आणि आपल्या नातवाच्या शाळेविषयी काहीबाही सांगत राहत. सुरुवातीला मला वाटले, यांना बोलायची सवयच असावी. तिसऱ्या खेपेला उमगले की त्या माझ्यासाठी बोलत होत्या. अंगाला परका हात लागतो आहे याकडे माझे लक्ष राहू नये, म्हणून. त्यांना हे कोणी शिकवले असेल, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. मदत करण्याइतकेच, ती घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणेही महत्त्वाचे असते, हे मला त्या न्हाणीघरात समजले.

प्लास्टर निघाले तेव्हा हात काटकुळे झाले होते, कातडीचे पापुद्रे सुटत होते आणि किल्ली फिरवण्याइतकेही बळ बोटांत उरले नव्हते. ब्लाउजचे पहिले हूक स्वतः लावले त्या सकाळी मी खूप रडले. मात्र त्या क्षणी मला आठवली ती माझी वहिनी, जी सहा आठवडे रोज आपल्या कामावर जाण्याआधी येऊन माझी वेणी घालत असे आणि एकदाही घड्याळाकडे पाहत नसे. त्याआधी ‘आभारी आहे’ हे शब्द मी शिष्टाचार म्हणून वापरत होते. ‘इतरांचे बघ, तुझे तर काहीच नाही’ असे म्हणून जी कृतज्ञता शिकवली जाते, ती मला आजही पटत नाही, कारण तिच्यात दुसऱ्याचे दुःख आपल्या समाधानासाठी वापरले जाते.

इथवर लिहून थांबले असते तर मी अर्धेच खरे सांगितले असते. दुःखाने माणूस मऊ होतो, असे आपण फार सहज म्हणतो. या प्रसंगानंतर दीड वर्षाने कार्यालयातील एका सहकारी बाईंनी पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे काही महिने हलके काम मागितले, तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, ‘माझे तर दोन्ही हात मोडले होते, तरी दोन महिन्यांत मी कामाला लागले.’ त्या काहीच बोलल्या नाहीत. समोरची फाइल बंद करून उठून गेल्या. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ म्हणतात. मी तर त्या वंशाला जाऊन आले होते, आणि तरीही मला कळले नव्हते.

पुढे रेचल रटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१५ मधील संशोधन वाचनात आले, तेव्हा माझ्या त्या वाक्याचे मूळ सापडले. बेरोजगारी किंवा छळ यांतून स्वतः तरून गेलेले लोक, त्याच संकटात कोलमडणाऱ्या माणसाकडे कित्येकदा अधिक कठोरपणे पाहतात, असे त्यांना आढळले. सोसताना किती जड गेले होते याची आठवण काळाने फिकी पडते आणि ‘मी निभावले’ एवढेच ठळक उरते, असे त्याचे कारण त्यांनी मांडले आहे. मी वेदना विसरले होते आणि मावशी व वहिनी यांना तर हिशोबातूनच वगळले होते. मी एकटीने निभावले, ही माझी समजूत धादांत खोटी होती. आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीला १९९० च्या दशकात नाव देणारे रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून हेही सांगतात की ही वाढ आघातातून आपोआप होत नाही, त्याच्याशी झगडताना होते. माझ्या बाबतीत तो झगडा हात बरे झाल्यावर, त्या बंद झालेल्या फाइलपासून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंची माफी मागितली. ‘मला कळते तुमचे’ असे म्हणण्याचा मोह झाला होता, पण तो आवरला आणि सकाळी उठल्यापासून सर्वांत जड काय जाते, एवढेच विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मोजे घालणे. मुलगा घालून देतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.’ मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि त्या अर्धा तास बोलत राहिल्या.