सत्तर हजार म्हणजे सत्तर हजारच!

गेमिंग पीसी जुळवायचा म्हटलं की "बजेट किती?" असं विचारायचं, आपण "सत्तर हजार" म्हणायचं, आणि पुढच्याच वाक्यात समोरच्याने "बरं, मग पंच्याऐंशीत बसवूया" म्हणायचं. अरे, मग आकडा विचारता कशाला? दुकानदार, यूट्यूबवाले, डोंबिवलीचा दादा, दादाचा मित्र, त्या मित्राचा कुठला तरी आयटीतला मित्र, सगळ्यांचं पालुपद एकच: "अगं, अजून तीन हजार टाक आणि फरक बघ." प्रोसेसरला तीन टाक. ग्राफिक्स कार्डाला पाच टाक. मदरबोर्ड जरा पुढचा विचार करून घे, चार टाक. यांच्या तीन-तीन हजारांत माझा मॉनिटर वाहून गेला, यूपीएस वाहून गेला, आणि यादीत उरला एक चकाचक डबा, जो चालू करायला घरात काहीच नाही.

हे पैसे झाडाला लागलेले नाहीत. मालवणात होमस्टेची बुकिंगं सांभाळून, रात्री अकराला फोन करून "मॅडम, बीच रूममधून दिसतो का नक्की?" विचारणाऱ्यांशी गोड बोलून साठवलेत. मला कोणापुढे मिरवायचं नाही. १०८०पीवर, म्हणजे साध्या फुल एचडी स्क्रीनवर, बऱ्या सेटिंग्जमध्ये गेम अडखळू नये, एवढंच मागणं आहे.

त्या 'सत्तर हजारांत बेस्ट गेमिंग पीसी'वाल्या व्हिडिओंबद्दल फार बोलत नाही, कारण बीपी वाढतं. पंधरा मिनिटं बडबड आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरांत: मॉनिटर, कीबोर्ड, माउस, विंडोज वेगळं. म्हणजे सत्तर हजारांत नुसता टॉवर! लिंक उघडावी तर कार्ड आउट ऑफ स्टॉक, आणि जे स्टॉकमध्ये आहे त्याचा भाव व्हिडिओतल्यापेक्षा चार हजारांनी चढा.

आता खरा संताप. या कंपन्यांनी नावांचा जो घोळ घातलाय तो. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड घ्या. २०२२ साली आलं तेव्हा ८ जीबी मेमरी, २५६० कोअर (काम करणारे छोटे हात), १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता). मग फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने दुसरं कार्ड आणलं: ६ जीबी, २३०४ कोअर, ९६ बिटची बस. नाव तेच, आरटीएक्स ३०५०! फरक फक्त मेमरीच्या आकड्याचा आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण आतलं कार्डच हलकं आहे. ७० वॅटवर चालतं, ज्याचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) जुना आहे त्याला सोयीचंही आहे, ते सगळं मान्य. मग वेगळं नाव द्यायला काय झालं होतं? परराज्यातला आंबा 'देवगड हापूस'च्या पेटीत भरून विकणाऱ्याला आम्ही इथे शिव्या घालतो. हे त्याहून वेगळं काय आहे?

आणि गंमत ऐका. २०२२ मध्ये याच कंपनीने ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली होती, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. तिथेही मामला हाच, नाव एक आणि आतला चिपच वेगळा. जगभर बोंब झाली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने १२ जीबीवालं मागे घेतलं, आणि जानेवारीत तेच ४०७० टीआय म्हणून आणलं. का? कारण ते ८९९ डॉलरचं कार्ड होतं. महागडी कार्डं घेणाऱ्यांनी आवाज केला की नाव बदलतं. ३०५० घेणाऱ्याने कितीही बोंबलावं, त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे?

एनव्हिडियाच्या स्पर्धेतले एएमडीवाले सोवळे आहेत असं समजू नका. त्यांचं आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ मध्ये स्वस्तातलं म्हणून आलं. ४ जीबी मेमरी, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआयई ४.० या जोडरस्त्याच्या फक्त चार लेन. नव्या बोर्डावर चालून जातं. जुन्या ३.० च्या बोर्डावर लावलंत की त्या चार लेनचा वेग निम्म्यावर येतो, मेमरी भरली की गेम धापा टाकतो. आता मला सांगा, स्वस्त कार्ड कोण घेणार? ज्याच्याकडे जुना किंवा स्वस्त बोर्ड आहे तोच ना! म्हणजे ज्याच्यासाठी बनवलं, नेमकं त्याच्याच घरी ते रडणार. हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं. खोक्यावर ड्रॅगन असतो.

कंटाळून म्हटलं, जवळच्या बाजारपेठेत जाऊन समोरासमोर बोलू. आत पाय टाकल्या टाकल्या, "या ताई, भावासाठी हवाय काय?" म्हटलं, माझ्यासाठी. "म्हणजे टॅली, बिलिंग?" म्हटलं, गेमिंग. यावर त्यांनी माझ्या मागे पाहिलं, खरा गिऱ्हाईक मागून येतोय की काय म्हणून. मग काचेचा डबा दाखवला. आत इंद्रधनुष्य फिरतंय, वर स्टिकर: 'आय-सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स'. भाव ऐकून क्षणभर खरंच मोह पडतो. पण मी टास्क मॅनेजर उघडला. आय-सेव्हन ३७७०! २०१२ चा प्रोसेसर. आणि ग्राफिक्स म्हणजे जीटी ७३०, जे २०१४ मध्येसुद्धा गेमिंगचं कार्ड म्हणवण्याच्या लायकीचं नव्हतं.

मी आय-थ्री १२१००एफचा भाव विचारला तर दुकानदार माझी कीव करत हसले. "ताई, आय-सेव्हन सोडून आय-थ्रीवर कशाला उतरताय?" अहो काका, तो आय-थ्री दहा वर्षांनी मागाहून आलाय. कोअर दोघांचेही चारच, पण तुमच्या आय-सेव्हनला तो सहज मागे टाकतो. तुमच्या डब्यात विंडोज ११ अधिकृतपणे चढतही नाही, कारण त्याला इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते, आणि हा त्याहून खूप जुना. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलरंट हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, त्या या बोर्डावर कुठून आणू? यावर उत्तर: "आमच्याकडून पंधरा पोरांनी नेलाय, कोणाची तक्रार नाही." नसणारच. त्या पोरांना वाटतंय गेमच असा चालतो!

बरं, मग ऑनलाइन मागवा. कसं मागवू? ४१६ने सुरू होणारा पिनकोड टाकला की निम्म्या गोष्टींपुढे लाल अक्षरं. प्रोसेसर येतो, रॅम येते, कॅबिनेट येत नाही. मॉनिटर एका ठिकाणाहून येतो, पण डिलिव्हरीचा खर्च बघून वाटतं तो स्वतः स्लीपर कोचने येतोय. मग पार्ट चार ठिकाणांहून मागवायचे. बोर्ड सोमवारी येतो, प्रोसेसर पुढच्या आठवड्यात, ग्राफिक्स कार्ड 'हब'मध्ये अडकतं. आणि बदलून देण्याची मुदत किती? सात दिवस. आता बोर्ड चालतो की नाही हे तपासायचं कसं? त्याला प्रोसेसर हवा, रॅम हवी. आणि पैसे वाचवायला आपण जो एफवाला प्रोसेसर घेतो, त्यात डिस्प्लेची सोयच नसते, म्हणजे कार्ड आल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारसुद्धा नाही. सगळं येऊन जमेपर्यंत बोर्डाची मुदत संपलेली. मग कस्टमर केअरवाला शांतपणे सांगतो, "मॅडम, आता सर्व्हिस सेंटरला संपर्क करा." सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला. म्हणजे बोर्ड पिशवीत घालून फोंडा घाट चढायचा, आणि ते म्हणणार, "पंधरा दिवसांनी चौकशी करा."

मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा म्हणणारे वेगळेच. जाते की! कुडाळला रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी दादरला उतरायचं, लोकलने ग्रँट रोड, दिवसभर दहा दुकानांत "ताई, हा रेट फक्त आजच्यापुरता" ऐकायचं आणि रात्री काचेचं कॅबिनेट मांडीवर घेऊन परत. तिकीट मिळालं तर. रस्त्याने आणायचं म्हणाल तर मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, त्या खड्ड्यांतून काचेचा पॅनल शाबूत आला तर मी गणपतीला नारळ ठेवीन. दादा म्हणाला, "गणपतीला येताना घेऊन येतो." त्याला बिचाऱ्याला स्वतःलाच उभं राहून यावं लागतं!

आणि हे सगळं जुळवत आणलं, तर रॅमने गळा धरला. दोन ८ जीबीच्या डीडीआर-४ कांड्या, साध्या, बिनदिव्याच्या. २०२५ च्या सुरुवातीला मी यादीत ज्या भावाला लिहिल्या होत्या, त्याच्या दुप्पट-तिप्पट झाल्या. साठवणुकीची एसएसडीही त्यांच्या मागोमाग चढली. कारण काय, तर एआय. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा, म्हणून कारखाने तिकडे वळवले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आमच्यासारख्यांसाठी असलेला ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. म्हणजे कोणीतरी बसल्या जागी मांजराला शेरवानी घातलेले फोटो बनवणार, आणि त्याचे पैसे मालवणातल्या मी भरायचे.

यावर तज्ज्ञांचा सल्ला: "मग एकच कांडी घे आत्ता." एक कांडी घेतली की मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालते आणि बऱ्याच गेममध्ये फ्रेम पडतात, गेम अडखळतो, हे तुम्हीच गेल्या वर्षी ओरडून सांगत होतात ना? "मग भाव उतरेपर्यंत थांब." थांबते. तोवर ग्राफिक्स कार्डाचे भाव कोण धरून ठेवणार, तुम्ही? त्या कार्डांनाही मेमरीच लागते!

आणि आता तो खर्च, जो एकाही यादीत नसतो. पुण्यात बसून यादी करणाऱ्याला वाटतं प्लग लावला की वीज येते. आमच्याकडे लाईट येते, जाते, आणि मधल्या वेळात विचार करते. संध्याकाळी पर्यटकांचे एसी चालू झाले की ट्यूबलाइट मंद होते. मेअखेरीला ढग गडगडले की पहिलं काम, सगळे प्लग काढा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात काय हाल झाले ते इथल्या माणसाला विचारा. अशा ठिकाणी यूपीएस ही चैन नाही. त्यातही ६०० व्हीएचा स्वस्तातला घेतला तर तो जेमतेम ३६० वॅट देतो. गेम चालू असताना लाईट गेली तर पीसी आणि मॉनिटर मिळून त्याला किती ताणतील, याचा हिशोब आधी करावा लागतो. मोठा घ्यायचा तर पुन्हा पैसे.

मग अर्थिंग. घर जांभ्याच्या कातळावर. खड्डा मारायला घेतला की दोन फुटांवर पहार खणखणते. कोळसा-मीठ घालून कशीबशी पट्टी पुरली, तर उन्हाळ्यात कातळ कोरडा पडतो आणि लोखंडी डब्याला हात लावला की झिणझिण्या. आणि खारा वारा! समुद्राकडच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, टीव्हीच्या रिमोटमधल्या स्प्रिंगा हिरव्या पडतात. पावसाळ्यात चपलेला बुरशी येते. तिथे मला 'पुढून पूर्ण जाळीचं, हवेशीर कॅबिनेट घे' म्हणून सांगतात. हवा येऊ दे, पण त्या हवेतून मीठही येतं, त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

शेजारचे काका ओटीवर येऊन यादी वाचून गेले. त्यांचा अभिप्राय: "घरातलो एक पंखो नीट फिरणा नाय, नि तुझ्या डब्याक चार पंखे व्हये काय गो?" सगळ्या सल्लागारांत पैसे कमी करायला सांगणारा हा एकटाच माणूस निघाला. दोन पंखे काढले. दिवे तर कधीच काढले होते.

तर आता यादी पक्की. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याचा एएम४ सॉकेटचा बोर्ड, आरएक्स ६६०० कार्ड, त्या दोन महागड्या कांड्या, ५०० जीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी, नावाजलेला ५५० वॅटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस, कारण कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेला वॅटचा आकडा आणि त्याची खरी ताकद यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. बिनकाचेचा काळा डबा. यूपीएस एक हजार व्हीएचा. मॉनिटर सेकंड हँड, माझ्या ओळखीतून. बेरीज सत्तर हजारांच्या आत येते, मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा पुन्हा ठोकून पाहिलीय. एएम४ जुनं झालंय, माहीत आहे. डीडीआर-५ रॅम पुढची आहे, माहीत आहे. आता यात ज्या कोणाला "अजून तीन हजार टाक" म्हणायचं असेल त्याने म्हणण्याआधी ते टाकावेत. क्यूआर कोड पाठवते, होमस्टेचाच आहे, जीपे-फोनपे दोन्ही चालतं.