त्या फॉरवर्डमध्ये नांगर कुठे आहे?

महावीर जयंती जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला, आणि तो टाकणारा माझा सख्खा आतेभाऊ. मथळा असा : ‘जैन धर्म, पाच मिनिटांत ओळख’. वर कमळ, खाली हात जोडलेले.

मजकूर थोडक्यात सांगतो. महावीरांनी अडीच हजार वर्षांपूर्वी यज्ञातल्या पशुहत्येला विटून हा धर्म काढला, म्हणजे ती हिंदू धर्माचीच सुधारलेली शाखा. जैन देव मानत नाहीत तरी मूर्ती पुजतात. ‘हेही खरं, तेही खरं’ म्हणजे त्यांचा स्याद्वाद. त्यांच्या अहिंसेपायी देश दुबळा झाला. संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडत नेऊन मरण स्वीकारण्याचं व्रत, ही धर्माच्या नावाखाली आत्महत्या. आणि जैन हा मुळात मारवाडी-गुजराती व्यापारी समाज, महाराष्ट्रात तो दुकान टाकायला आला.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो वाचून माझे वडील खुर्चीतून उठले. आम्ही कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातले, चतुर्थ जैन, म्हणजे जैनांतला शेतकरी समाज. आजोबांच्या वेळी शाळू आणि तंबाखू होता, आता ऊस आहे. दुकान घराण्यात कुणी टाकलं नाही. चुलत्यांनी एकदा खताची एजन्सी घेतली होती, ती दोन वर्षांत बुडाली.

‘जैन म्हणजे मारवाडी-गुजराती व्यापारी’

२०११ च्या जनगणनेत देशात जैन सुमारे ४४.५ लाख भरले, त्यातले १४ लाख एकट्या महाराष्ट्रात. इतके जैन दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. त्यात मुंबई-पुण्याकडचे गुजराती आणि राजस्थानी मुळाचे लोक भरपूर आहेत, ते नाकारत नाही. पण कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडचा बेळगाव हा पट्टा घ्या. इथला जैन घरात मराठी किंवा कानडी बोलतो, आडनाव पाटील, चौगुले, मगदूम लावतो, आणि बसवेश्वर मानणारा शेजारी आणि तो एकाच विहिरीवर पाळी लावतात. नांदणीचा मठ, कोल्हापूरचा लक्ष्मीसेन मठ ही गावगाड्यातलीच ठाणी. २०२५ साली नांदणी मठाची हत्तीण गुजरातला नेली तेव्हा निषेधाला रस्त्यावर आलेल्यांचा जातधर्म कुणी विचारला नाही.

‘दक्षिण महाराष्ट्र जैन सभा’ १८९९ ची. तिच्या उभारणीतले अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले, शाहू महाराजांचं चरित्र त्यांनी लिहिलं. आणि ज्यांच्या शाळेत हा मेसेज पाठवणारे निम्मे लोक शिकले असतील ते कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजला १८८७ मध्ये एका जैन कुटुंबात जन्मले. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये काढली. त्यांचा धर्म कोणता, हे कुणी विचारत नाही, ते बरंच आहे. पण ‘जैन बाहेरून आले’ म्हणताना तो आठवायला हरकत नसावी.

मागे जायचं तर बरंच मागे जाता येतं. मावळातल्या पाले इथल्या लेण्यात ‘नमो अरहंतानं’ अशी सुरुवात असलेला ब्राह्मी लेख आहे. अभ्यासक तो जैन मानतात आणि त्याचं वय दोन हजार वर्षांच्या वर धरतात. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची लेणी जैन आहेत. सहल कैलासावर संपते, तिथवर पोरं दमलेली असतात, म्हणून ती आपल्याला आठवत नाहीत. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी कोरलेलं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे मराठी वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मूर्ती कुठल्या धर्माची, हे मात्र त्या धड्यात कुणी सांगत नाही.

मला सगळ्यांत जास्त आवडतो तो ‘कुवलयमाला’मधला उल्लेख. उद्योतनसूरी या जैन मुनींनी शके ७०० मध्ये राजस्थानात जालोरला हा प्राकृत ग्रंथ पुरा केला. बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या लोकांचं वर्णन करताना ते मरहट्ट्यांना गाठतात आणि त्यांच्या तोंडचे शब्द नोंदवतात : ‘दिण्णल्ले’, ‘गहिल्ले’. दिलं, घेतलं. साडेबाराशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज बाजारात काय बोलत होते, ते एका जैन साधूनं कान देऊन ऐकलं म्हणून आज कळतं. आणि हा ग्रंथ विसाव्या शतकात संपादून आपल्यापुढे ठेवला तो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी. सदलग्याचा माणूस, आमच्याच पट्ट्यातला.

मग व्यापाराशी जैनांचं नाव इतकं का जोडलं गेलं? त्यालाही धर्मातच एक कारण आहे. काही श्रावकाचारांत, म्हणजे श्रावकानं (संसारी जैनानं) कसं वागावं ते सांगणाऱ्या ग्रंथांत, पंधरा ‘कर्मादानं’ सांगितली आहेत, म्हणजे फार हिंसा घडवणारे धंदे. जमीन फोडणं त्यात येतं. हे कडक धरणाऱ्यांना दुकानाचा गल्ला सोपा वाटला असणार. पण नवव्या शतकातलं जिनसेनाचार्यांचं ‘आदिपुराण’ वेगळं सांगतं. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी लोकांना पोट भरायची सहा कामं शिकवली : असि, मषि (शाई, म्हणजे लेखन), कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प. तलवार पहिली, शेती तिसरी, व्यापार पाचवा. हे जिनसेन राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू मानले जातात, म्हणजे ग्रंथ आपल्याच भागाच्या राजछत्राखालचा.

‘अहिंसेमुळे देश दुबळा झाला’

वरच्या यादीतला पहिला शब्द पुन्हा वाचावा.

मेसेज लिहिणाऱ्यानं साधूचं व्रत आणि संसारी माणसाचं व्रत एक धरलंय. साधूची पाच महाव्रतं संपूर्ण, श्रावकाची तीच पाच अणुव्रतं झेपेल तेवढी. शास्त्रकारांनी हिंसेचे चार प्रकार पाडले. जाणूनबुजून, मारायचं म्हणून मारणं ती संकल्पी. चूल, जातं, झाडलोट यांत होते ती आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःचं किंवा आपल्या माणसांचं रक्षण करताना होते ती विरोधी. श्रावकानं पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन कमी करत न्यायच्या. नांगराखाली गांडूळ येतं, ते पाप नाही असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पण त्यासाठी नांगर मोडा, असंही कुणी सांगितलं नाही.

इतिहासात पाहिलं तर भुवनेश्वरजवळच्या हाथीगुंफेत कलिंगाच्या खारवेल राजाचा लेख आहे. सुरुवात अरहंतांना आणि सिद्धांना नमस्कारानं, आणि पुढे वर्षागणिक स्वाऱ्यांची जंत्री. नंद राजानं नेलेली कलिंगाची जिनमूर्ती (तीर्थंकराची मूर्ती) आपण परत आणली, हेही त्यात अभिमानानं येतं. बाहुबलीची मूर्ती घडवणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. तिच्याभोवती सुत्तालय, म्हणजे ओवऱ्यांचं आवार, बांधणारा गंगराज होयसळांचा सेनापती, चोळांकडून तलकाड घेणारा. राज्यं पडली ती फितुरीनं, करानं, दुष्काळानं, भाऊबंदकीनं. कांदा न खाणाऱ्यांवर ते ढकलणं सोपं पडतं, एवढंच.

कांद्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्या घरी तो चातुर्मासात बंद होतो, एरवी पिठल्यात असतो. आई तेवढी बारमाही पाळते. आमच्यातही सगळे एका मापाचे नाहीत.

‘महावीरांनी स्थापलेली, हिंदू धर्माची शाखा’

महावीर चोविसावे तीर्थंकर. संस्थापक हा शब्द जैन परंपरा वापरत नाही. हे श्रद्धेचं झालं असं कुणी म्हणेल, म्हणून त्याबाहेरचं सांगतो. तेविसावे पार्श्वनाथ, काशीच्या राजघराण्यातले, परंपरेनं महावीरांच्या अडीचशे वर्षं आधीचे. ‘आचारांग’ या जुन्या जैन ग्रंथात महावीरांचे आईवडील पार्श्वांचे उपासक होते असं आलंय. ‘उत्तराध्ययन’ या तशाच ग्रंथाच्या तेविसाव्या अध्ययनात पार्श्वपरंपरेचे केशी आणि महावीरांचे शिष्य गौतम समोरासमोर बसतात आणि केशी विचारतात : आमची व्रतं चार, तुमची पाच, असं का? ज्यानं धर्म नव्यानं काढला त्याच्या शिष्याला जुन्या संघापुढे असा खुलासा कशाला करावा लागेल? बौद्धांच्या पाली ग्रंथांत महावीर ‘निगंठ नातपुत्त’ म्हणून येतात (निगंठ म्हणजे निर्ग्रंथ, जैनांचं तेव्हाचं नाव) आणि ‘चातुयाम’ची, चार संयमांची, आठवण तिथेही आहे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दप्तरात नोंद. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखातही निगंठ स्वतंत्र पंथ म्हणूनच येतात.

आता आपल्या बाजूच्या फॉरवर्डचंही बोलू. ‘ऋग्वेदात ऋषभदेवांचा उल्लेख, मोहेंजोदडोच्या मुद्रेवर कायोत्सर्गातला (ध्यानात ताठ उभा) जिन’ असा मेसेज आमच्यातले लोक उत्तरादाखल पाठवतात. ऋग्वेदात ऋषभ म्हणजे बहुतेक ठिकाणी बैलच. सिंधू लिपी अजून वाचलेली नाही, तेव्हा मुद्रेवरचा उभा पुरुष कोण ते छातीठोकपणे सांगता येत नाही. पार्श्वांपर्यंत जमीन घट्ट आहे, त्यामागे श्रद्धा आहे. श्रद्धेला श्रद्धा म्हणायला लाज कसली?

शाखा म्हणावं तर वेदांचं प्रामाण्य मान्य नाही, जगाचा कर्ता मान्य नाही, आणि कर्म ही इथे नुसती नियती किंवा हिशेबवही नाही. जीवाला चिकटणारे ते सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड कण, अक्षरशः धूळ. तप करायचं ते ती झाडायला. उलट बाजूही आहे. हिंदू विवाह कायदा आम्हाला लागू, लग्नात सप्तपदी, दिवाळी एकाच अमावास्येला. आमच्याकडे ती महावीरांच्या पावापुरीतल्या निर्वाणाची. केंद्रानं २०१४ मध्ये जैनांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा आमच्याच गावात दोन तट पडले होते. शेजार दोन हजार वर्षांचा असला की भिंतीला खिडक्या पडतात. म्हणून घर एक होत नाही.

‘देव नाही, मग मूर्ती कशाला?’

णमोकार या जैनांच्या मुख्य मंत्रात एकही नाव नाही आणि एकही मागणी नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू यांना नमस्कार, संपलं. तत्त्वार्थसूत्र या जैन तत्त्वज्ञानाच्या पायाभूत ग्रंथाच्या आरंभी म्हटला जाणारा श्लोक ‘वन्दे तद्गुणलब्धये’ असा संपतो. तुझे गुण मला यावेत म्हणून वंदन. सिद्ध झालेला, म्हणजे मुक्त झालेला, जीव लोकाच्या (विश्वाच्या) माथ्यावर असतो. तो नवस ऐकत नाही, पावत नाही, कोपत नाही. आता आमची आजी पद्मावतीला, म्हणजे पार्श्वनाथांच्या रक्षक देवीला, ओटी भरून नातवाच्या नोकरीचं मागायचीच. पंडित त्यावर कपाळाला आठ्या घालायचे. आजीनं कधी मनावर घेतलं नाही.

‘हेही खरं, तेही खरं’

‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘कथंचित्’, एका विशिष्ट अपेक्षेनं. मी मुलाच्या अपेक्षेनं बाप आणि बापाच्या अपेक्षेनं मुलगा आहे, दोन्ही ठाम खरं. पण कुठल्या अपेक्षेनं ते सांगितल्याशिवाय बोललं तर विधान अपुरं. सगळंच बरोबर असतं तर जैन तर्कपंडितांनी बौद्धांशी आणि मीमांसकांशी शेकडो वर्षं वाद कशाला घातले असते?

‘संथारा म्हणजे आत्महत्या’

इथे मी वाद जिंकायला बसलेलो नाही, पण शब्द नीट वापरावेत. राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ ला संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवलं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

शास्त्र काय म्हणतं? आमच्याकडे संथाऱ्याला सल्लेखना हा शब्द चालतो. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त ती केव्हा घ्यायची ते दिलंय : उपसर्ग (टळणार नाही असं संकट), दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग, आणि तोही ‘निःप्रतीकार’, म्हणजे ज्यावर इलाज उरलेला नाही असा. तत्त्वार्थसूत्र तिचे पाच दोष मोजतं. जगण्याची आस हा एक दोष, आणि मरणाची आस हाही दोष. लवकर सुटावं असं मनात आलं तरी व्रताला डाग. आत्महत्या करणाऱ्याच्या मनात नेमकी हीच आस असते.

शंका घ्यायची तर ती वेगळ्या जागी घ्यावी. घरच्या माणसांनी, समाजानं, पत्रिका छापणाऱ्यांनी म्हाताऱ्या माणसावर दडपण आणलं तर? मला ही भीती खरी वाटते. ‘अमक्या घरात सल्लेखना झाली’ याचा मान मिरवणारे लोक मी पाहिलेत, आणि तो मान नको वाटतो. व्रत गुरूच्या परवानगीनं, शुद्ध असताना, टप्प्याटप्प्यानं घ्यायचं ही जुनी अट त्यासाठीच आहे.

आचार्य शांतिसागर बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावच्या पाटील घराण्यातले, शेतकरी, चतुर्थ जैन. विसाव्या शतकात दिगंबर मुनींची परंपरा पुन्हा उभी राहिली ती त्यांच्यापासून. १९५५ मध्ये नजर जाऊ लागली. पायाखालचा जीव दिसत नसेल तर मुनीनं चालायचं कसं? त्यांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली आणि सप्टेंबरमध्ये, छत्तिसाव्या दिवशी देह ठेवला. आमचे आजोबा तेव्हा दर्शनाला गेले होते. परत आल्यावर काय पाहिलं विचारलं तर म्हणायचे, ‘काही नाही, शांत पडलेले होते, गर्दीच फार होती.’

आतेभावाला हे सगळं एवढ्या लांबीचं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘थोडक्यात सांग.’ त्याला म्हटलं, रविवारी ये, ऊस लागणीचा आहे, सरीवर बोलू.