फरक झेंड्याच्या रंगापुरता नाही

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक चित्र आलं. डावीकडे विळा-हातोडा, उजवीकडे डॉलरची नोट आणि मधे बरोबरचं चिन्ह. म्हणजे कम्युनिस्ट राजवट आणि भांडवली लोकशाही सारख्याच. खाली सहा मुद्दे. तिकडे एकच पक्ष, इकडे सगळे पक्ष एकाच माळेचे मणी. तिकडे गुप्त पोलीस, इकडे मोबाइल. तिकडे छळछावण्या, इकडे अमेरिकेचे खच्चून भरलेले तुरुंग. तिकडे पावासाठी रांग, इकडे रेशनसाठी. तिकडे पेपर सरकारचा, इकडे शेठजीचा. तिकडे मोर्च्यावर गोळ्या, इकडेही तेच. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘फरक फक्त झेंड्याच्या रंगाचा. मग मत द्यायला रांगेत कशाला उभे राहता?’

दोन दिवसांत ते चित्र मला आणखी चार ठिकाणी दिसलं. एकदा माझ्या पुतण्यानंच पाठवलं. तो यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी लाल बावट्याच्या घरात वाढलो. बाबा गिरणी कामगार, युनियनचे पक्के. रशियाहून येणाऱ्या मासिकांचा गुळगुळीत कागद दर जूनमध्ये आमच्या वह्यांना कव्हर म्हणून लागायचा. त्यावरच्या हसऱ्या ट्रॅक्टरवाल्या बाया मला अजून आठवतात. त्यामुळे ‘कम्युनिस्ट’ ही माझ्या लेखी शिवी नाही. आणि गिरण्या बंद पडल्यावर हाताला काम नसलेली माणसं मी घरातच पाहिली, त्यामुळे भांडवलशाहीची आरती ओवाळायला मी येणार नाही. त्या सहा मुद्द्यांत खरं बरंच आहे. खोटं आहे ते मधलं बरोबरचं चिन्ह.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो आपल्या नागपूरच्या अंगावर उमटलेला आहे.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला गेला. लाठीमार, पळापळ, चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं जास्त. माझं तेव्हाचं काम सीताबर्डीत होतं. संध्याकाळी रस्त्यावर पडलेला चपलांचा ढीग मी पाहिला आहे. लहान मुलांच्या चपला मोठ्यांच्या चपलांत अडकलेल्या होत्या. हे लोकशाहीत घडलं, निवडून आलेल्या सरकारच्या पोलिसांसमोर घडलं.

आता दुसरा मोर्चा. २ जून १९६२, सोव्हिएत संघातलं नोवोचेर्कास्क. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातल्या कामगारांचे कामाचे दर कापले गेले होते आणि त्यातच सरकारनं मांस आणि लोणी महाग केलं. कामगार लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी घेऊन पक्षाच्या कचेरीवर चालत गेले. बाबांचाच झेंडा तो. सैनिकांनी गोळ्या घातल्या, २६ माणसं मेली. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, रातोरात लांबलांबच्या कबरस्तानांत पुरली. साक्षीदारांकडून तोंड उघडणार नाही असं लिहून घेतलं. वर सात जणांना मृत्युदंड दिला. पेपरात एक ओळ नाही. ज्या आईचा मुलगा त्या दिवशी परत आला नाही, तिला तो कुठे पुरला हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. हाडं सापडली ती सोव्हिएत संघ फुटल्यावर, तीस वर्षांनी.

आकडा लावून पाहिला तर आपल्याकडे माणसं जास्त गेली. मी ते लपवत नाही. पण पुढं काय झालं ते पाहा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत पहिल्या पानावर ते होतं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांना राजीनामा द्यावा लागला. चार महिन्यांत सरकार गेलं. एकट्या गोवारींमुळे गेलं असं मी म्हणणार नाही, पण प्रचारात त्या ११४ जणांचा हिशेब मागितला गेला. झिरो माइलजवळ स्मारक झालं, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे, आणि दर २३ नोव्हेंबरला समाज तिथं फुलं घेऊन येतो. सरकार ज्या मृत्यूंना जबाबदार धरलं गेलं, त्यांचं नाव सरकारी पुलावर आहे. नोवोचेर्कास्कमध्ये सोव्हिएत काळात कुणी चौकात फूल ठेवलं असतं तर त्याचं काय झालं असतं?

न्याय मिळाला का? नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. भांडण अजून चालू आहे. पण ते चालू ठेवता येतं, आणि माझा सगळा मुद्दा या ‘ठेवता येतं’वर उभा आहे.

आता पहिला मुद्दा, एकाच माळेचे मणी. पक्ष बदलतात, कंत्राटदार तेच राहतात, ही चीड मलाही आहे. पण १९५७ साली याच नागपूरनं ए. बी. बर्धन या कम्युनिस्ट कामगार नेत्याला, अपक्ष म्हणून उभा असताना, विधानसभेत पाठवलं. त्याच वर्षी केरळनं अख्खं कम्युनिस्ट सरकार निवडून दिलं. दिल्लीनं ते १९५९ मध्ये बरखास्त केलं, तो अन्यायच होता. तरी १९६७ मध्ये मतदारांनी कम्युनिस्टांना पुन्हा आणलं. बंगालमध्ये डाव्यांनी ३४ वर्षं राज्य केलं आणि २०११ मध्ये हरल्यावर मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. म्हणजे भांडवलदारांच्या म्हणवणाऱ्या या लोकशाहीत कम्युनिस्ट जिंकू शकले, हरू शकले, परत येऊ शकले. सोव्हिएत मतपत्रिकेवर वर्षानुवर्षं एकच नाव असायचं. १९७७ च्या त्यांच्या राज्यघटनेचं सहावं कलम पक्षाला समाजाची नेतृत्वशक्ती ठरवत होतं. ते १९९० मध्ये बदललं आणि पुढच्याच वर्षी देश उरला नाही.

‘मग आणीबाणी?’ हा प्रश्न ग्रुपवर आलाच. यावा. आणीबाणी हा आपण बरोबरच्या चिन्हाच्या सगळ्यात जवळ गेलो तो काळ. स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत आपल्या सिव्हिल लाइन्समधलं खंडपीठही होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्यांना खोडून काढलं. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. पुढं मार्च १९७७ मध्ये लोकांनी रांगेत उभं राहून ते सरकार पाडलं. ज्या रांगेची त्या चित्रात थट्टा आहे, तीच रांग.

पाळतीचा मुद्दा तुलनेनं सोपा आहे. १९८९ साली पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडे, म्हणजे श्टासीकडे, सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती, खबरे त्याच्या जवळपास दुप्पट, आणि देशाची लोकसंख्या एक कोटी साठ-पासष्ट लाख. पुढे फाइली उघडल्या तेव्हा एका महिला खासदाराला कळलं की तिच्याबद्दल कळवणारा तिचा स्वतःचा नवरा होता. आपल्या खिशातला मोबाइल श्टासीपेक्षा जास्त जाणतो, हे मान्य. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी सरकारच्या पाळतीचं बिंग फोडलं आणि तो आजही घरी परतू शकत नाही, हेही मान्य. पण ती बातमी छापणाऱ्यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि फोनच्या घाऊक नोंदी गोळा करणं अमेरिकी संसदेला २०१५ मध्ये कायद्यानं थांबवावं लागलं. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच निकालात १९७६ चा तो काळा निकालही रद्द झाला. खन्नांचं म्हणणं खरं ठरायला ४१ वर्षं लागली. उशीर भयंकर आहे, मला तो टोचतो.

तुरुंगांबद्दल चित्र आकड्यात फारसं चुकत नाही. २००८ च्या सुमारास अमेरिकेत २३ लाख कैदी होते. १९५० च्या सोव्हिएत छावण्या आणि वसाहतींत पंचवीस लाखांच्या आसपास. अमेरिकेची लोकसंख्या बरीच मोठी होती, तरीही ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, आणि त्यात काळ्या लोकांचं प्रमाण पाहिलं तर जास्तच. पण माणूस आत कशासाठी गेला हे बघायला नको? रशियन लेखक सोल्झेनित्सिनला आठ वर्षं झाली ती मित्राला लिहिलेल्या पत्रांत स्टालिनवर टीका केली म्हणून. इकडे आपल्या देशात चारपैकी तीन कैदी खटला न संपलेले आहेत. वर्धा रोडवरच्या आपल्या मध्यवर्ती कारागृहात दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून, चाकाच्या खुर्चीत वर्षानुवर्षं होते. नागपूर खंडपीठानं त्यांना ५ मार्च २०२४ रोजी निर्दोष सोडलं, आणि त्याच ऑक्टोबरात ते गेले. याला मी लोकशाहीचा विजय म्हणणार नाही. गेलेली वर्षं कोणी परत देत नाही. एवढंच नोंदवतो की सरकारच्या म्हणण्याला ‘नाही’ म्हणणारा निकाल सरकारच्याच शहरात लागला, आणि मी हे नाव घेऊन लिहू शकतो.

रांगेच्या मुद्द्यावर आमच्या आईनं बोलायला हवं होतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी तिनं भाजून भाकरी केली, तिच्या भाकरीला चिरा पडायच्या आणि पोटात ती दगडासारखी बसायची. रांग तासन्‌तासाची. पण महाराष्ट्रात मोर्चे निघाले, विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, खडी फोडायची का होईना कामं निघाली आणि त्यातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माओच्या चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं भुकेनं मेली. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी पक्षाच्या लुशान इथल्या बैठकीच्या वेळी माओच्या धोरणाची चूक दाखवून दिली, तर त्यांनाच पदावरून काढलं. मग खालचा कोणता अधिकारी ‘गावात धान्य नाही’ म्हणून कळवणार होता? अमर्त्य सेन यांनी हेच दाखवून दिलं आहे, की जिथं निवडणुका आणि पेपर मोकळे असतात तिथं एवढा मोठा दुष्काळी संहार होत नाही. रोजची कुपोषणाची भूक मात्र लोकशाहीतही राहते. आपल्या मेळघाटकडे पाहून हे वाक्य गिळता येत नाही.

पेपर शेठजीचा असतो, खरं. भोपाळ घ्या. राजकुमार केसवानी हे पत्रकार १९८२ पासून लिहीत होते की युनियन कार्बाइडचा कारखाना शहराला खाईल. कोणी ऐकलं नाही, आणि २-३ डिसेंबर १९८४ ची विषारी वायूची रात्र आलीच. छापलेल्या शब्दानं माणसं वाचली नाहीत. पण २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा जगाला पहिली कुणकुण स्वीडनच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांवरून लागली, आणि १ मे रोजी जवळच्या कीवमध्ये लेकरं संचलनात चालवली गेली. रुमानियात तर १९८३ पासून टाइपरायटरचीही पोलिसांकडे नोंद करावी लागे. भोपाळच्या बाया आज चाळीस वर्षांनीही रस्त्यावर येऊन कंपनीचं नाव घेऊन ओरडतात.

दीक्षाभूमीच्या गावात बसून एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं धम्म स्वीकारला आणि महिनाभरानं काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स शेजारी ठेवले. शोषण संपवायचं हे दोघांचंही ध्येय त्यांनी मानलं. हिंसा आणि हुकूमशाही हा मार्ग नाकारला. आणि त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की मतात समता आणि पोटात विषमता असा विरोध फार काळ चालू दिला तर ही इमारतच उडेल. ज्याला लोकशाहीतली विषमता खुपते त्यानं त्या भाषणापासून सुरुवात करावी, डॉलर आणि विळ्याच्या त्या चित्रापासून नको.

पुतण्या काल घरी आला होता. म्हणाला, ‘काका, हे सगळं खरं, पण आपल्या गल्लीतला नाला तरी बदलला का?’ नाही बदलला. मंजूर झालेला पैसा कुठे गेला हे विचारायला मी मे महिन्यात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अर्ज टाकला. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, दुसऱ्याच गल्लीचं. मी अपील केलं. मग सुनावणी लागली आणि पुढं ढकलली गेली. आता पुढच्या मंगळवारी अकरा वाजता आहे. नाल्याचे फोटो काढून घेतले आहेत, एक प्रत त्याच्याकडे दिली आहे.