पेढे द्या, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाकला. पुण्याजवळ पुनावळ्यात टू बीएचके बुक केलाय, राहायला नाही हं, "इन्व्हेस्टमेंट" म्हणून. अभिनंदनाचा नुसता पाऊस. मी फक्त विचारलं, दादा, भाडं किती येईल रे? झालं! "तुला ना कशात चांगलं दिसतच नाही."

अरे पण विचारायचं पण नाही का? 80 लाखांचा फ्लॅट, वर 5 टक्के जीएसटी, 7 टक्के स्टॅम्प ड्युटी (वहिनीच्या नावावर घेतला तर एक टक्का सूट, हेही मीच सांगितलं), 64 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, म्हणजे हप्ता 55 हजारांच्या वर आणि भाडं फार तर 22. शेअरमध्ये असं कुणी केलं असतं तर ह्याच दादाने त्याला जुगारी म्हटलं असतं.

साईट बघायला मीही गेलो होतो, म्हणून जास्त चिडलोय. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून सॅम्पल फ्लॅटच्या बेडरूमला दारच नाही, पलंग इतका आखूड की दादाचे पाय बाहेर, आणि मुलांच्या खोलीत भिंतीवर चक्क आमच्या पिंट्याचं, म्हणजे दादाच्या पोराचं नाव! गेटवर फॉर्म भरताना विचारून घेतलं होतं ना. वहिनीने तिथे फोटो काढला तेव्हाच म्हटलं, गेला हा. मग "सर दोनच युनिट उरलेत, अक्षय तृतीयेनंतर रेट वाढणार." भाजीवालीशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारा माणूस, त्याने जागच्या जागी चेक फाडला. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघ म्हटलं, तर "नंतर बघू".

बरं, वीस वर्षांपूर्वी वाकडला घेतलेले सुखी झाले, मान्य. पण रखडलेल्या बिल्डिंगमध्ये अडकलेला माणूस ग्रुपवर पेढे टाकत नाही ना.

खरं सांगू, त्या नावाचा फोटो मीही परत परत बघितला. दादाने दहावीचा अभ्यास चाळीच्या जिन्यात बसून केलाय, खालून येणारा-जाणारा ओलांडून जायचा. पोराला स्वतःची खोली असावी असं त्याला वाटणारच की! मग तसं म्हण, पिंट्यासाठी घेतोय म्हण, एक अक्षर विचारणार नाही. इन्व्हेस्टमेंट म्हणालास तर भाडं विचारणार म्हणजे विचारणारच.

आणि वहिनी, वाचत असाल तर, करार रजिस्टर होईपर्यंत फ्लॅटच्या किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायद्याने त्यांना मागताच येत नाही. ताब्याची तारीख आणि कार्पेट एरिया, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, पण बघून घ्या. दादाला सांगून उपयोग नाही, तो सकाळपासून फर्निचरवाल्याशी बोलतोय.