इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक भंगारात काढू नका

'विंडोज ११ चालत नाही म्हणजे संगणकाचं हार्डवेअर कालबाह्य झालं. प्रश्न सुरक्षेचा आहे, मायक्रोसॉफ्टच्या हातात काही नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा आता नवा घ्या.' या अर्थाचा मजकूर खूप फिरतो आणि तो वाचून लोक धडधाकट यंत्रं फुंकून टाकतात, म्हणून हे लिहितोय.

आधी टीपीएम २.० चं, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या, पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या जपणाऱ्या सोयीचं. जुन्या यंत्रांत ही सुरक्षेची सोय नाही, असं सांगतात. पण जुलै २०१६ पासून विंडोज १० सह येणाऱ्या नव्या संगणकांत ती असलीच पाहिजे, ही अट मायक्रोसॉफ्टनेच घातली होती. इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या-सातव्या पिढीत ती बहुधा फर्मवेअरमध्येच, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच मिळते. संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये (बायोस) 'पीटीटी', म्हणजे इंटेलचं टीपीएम, बंद असेल तर चालू करायचं, इतकंच. तरीही ही यंत्रं अडतात ती विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीमुळे. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचं त्या यादीत जवळपास काहीच नाही.

ती यादी तरी निव्वळ तांत्रिक आहे का? 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण यंत्र मंद न करता चालावं यासाठी प्रोसेसरमध्ये एक खास सोय लागते. इंटेलने ती सातव्या पिढीत दिली, एएमडीने आपल्या झेन २ या प्रोसेसर रचनेत. यादीत मात्र सातवी पिढी बाहेर आणि ही सोय नसलेलं, त्याआधीच्या झेन प्लस रचनेवरचं एएमडीचं रायझेन २००० आत! सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर ऑगस्ट २०२१ मध्ये आत घेतले गेले, त्यांत आय७-७८२०एचक्यू होता. तो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. अपात्र यंत्रांवर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, ५२ टक्के जास्त कोसळतो, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. पण त्या सरसकट आकड्यात बारा वर्षांचं यंत्र आणि चार वर्षांचं यंत्र एकाच रांगेत बसतं.

'हार्डवेअरचं हार्डवेअरवाले ठरवतात' हेही खरं नाही. यापुढच्या नव्या प्रोसेसरांना फक्त विंडोज १० चा आधार मिळेल, असं मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं. २०१७ मध्ये तर अशा यंत्रांवरच्या विंडोज ७ चे अपडेटही अडवले. म्हणजे सातव्या पिढीला आधी जुनी प्रणाली नाकारली आणि २०२१ मध्ये नवीही. प्रोसेसर तोच, निर्णय दोन्ही वेळा सॉफ्टवेअर कंपनीचा.

हार्डवेअरची खरी मर्यादाही असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही सूचना (अंगभूत आज्ञा) लागते, ती कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरात नाही. तिथे वाद संपला.

सपोर्ट संपलेलं विंडोज १० तसंच वापरत राहणं धोक्याचं आहे, हे मात्र मान्य. पण त्याला उपाय आहेत. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. पुढे लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी प्रणाली आहे. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. नवा संगणक घेण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, हार्ड डिस्कला हातही लावावा लागत नाही.