खुर्ची सुटली की कवचही सुटायला हवं

माजी राष्ट्राध्यक्षांवर फौजदारी खटला चालवावा का, हा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी ट्रम्प यांच्यावर येऊन अडते. ते आवडत असतील तर खटला म्हणजे सूड. आवडत नसतील तर न्याय. वाद मिटला. मला या सगळ्यात ट्रम्प हाच सर्वांत कमी महत्त्वाचा भाग वाटतो. ते आज आहेत, उद्या नसतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १ जुलै २०२४ रोजी ट्रम्प यांच्या खटल्यात दिलेला, राष्ट्राध्यक्षांना फौजदारी खटल्यापासून अभय देणारा निकाल मात्र पुढच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या खिशात राहणार आहे. तुम्हाला आवडणाऱ्याच्या आणि डोळ्यांसमोर नको असणाऱ्याच्याही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की मध्येच भांडायला यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. पदावर असताना खटला नको, हे मला मान्य आहे. पद गेल्यावरही नको, हे अजिबात मान्य नाही.

तो निकाल नेमका काय आहे ते फार कमी लोक सांगतात. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमतानं राष्ट्राध्यक्षांच्या कृतींचे तीन गट पाडले. राज्यघटनेनं फक्त राष्ट्राध्यक्षांनाच दिलेले अधिकार, म्हणजे गुन्हेगाराला माफी देणं, अधिकाऱ्याला पदावरून काढणं वगैरे, यांच्याबाबत संपूर्ण अभय. बाकीच्या अधिकृत कृतींबाबत अभय आहेच असं गृहीत धरायचं. ते मोडून काढण्याचा भार सरकारी वकिलांवर. आणि खासगी कृतींना काहीही संरक्षण नाही.

हा तिसरा गट दाखवून लोक म्हणतात, बघा, मोकळं रान कुठे दिलंय? खरी मेख पुढे आहे. कृती अधिकृत की खासगी हे ठरवताना राष्ट्राध्यक्षांचा हेतू काय होता हे न्यायालयानं तपासायचंच नाही. शिवाय खासगी गुन्ह्याचा खटला चालला तरी त्यात अधिकृत कृती पुरावा म्हणून मांडण्यावर बंधनं.

लाचेचा खटला घ्या. राष्ट्राध्यक्षानं पैसे घेऊन कुणाला राजदूत नेमलं. लाच घेणं ही काही अधिकृत कृती नाही, तेव्हा खटला चालेल. पण नेमणूक अधिकृत. ती कशासाठी केली, त्याआधी सल्लागारांशी काय बोलणं झालं, हे ज्युरीसमोर आणायचं नाही. मग उरलं काय? एका माणसानं दुसऱ्याला पैसे दिले, एवढंच. कशासाठी दिले हे सांगता आलं नाही तर लाच सिद्ध कशी करणार? ही शंका माझ्या डोक्यातून आलेली नाही. बहुमतातल्याच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट या मुद्द्यावर आपल्या सहकाऱ्यांपासून वेगळ्या झाल्या, आणि त्या ट्रम्प यांनीच नेमलेल्या आहेत. पुराव्याच्या या भागावर त्यांनी सही केली नाही. सरन्यायाधीशांनी तळटीपेत म्हटलंय की नेमणुकीची जाहीर नोंद दाखवता येईल. जाहीर नोंदीत लाचेचा हिशेब लिहिणारा राष्ट्राध्यक्ष अजून जन्माला यायचा आहे.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलेलं नौदलाच्या कमांडोंचं उदाहरण बरंच गाजलं. राजकीय प्रतिस्पर्ध्याला ठार मारण्याचा हुकूम दिला, तरी अभय. भडक वाटतं. पण हाच प्रश्न त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये खालच्या अपील न्यायालयात न्यायाधीश फ्लोरेन्स पॅन यांनी ट्रम्प यांच्या वकिलांना विचारला होता. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी महाभियोगात दोषी ठरलं पाहिजे, मगच खटला. त्यांनी सरळ 'अर्थातच खटला चालेल' असं म्हटलं नाही, यातच सगळं आलं. ते वकील, जॉन सॉअर, पुढे देशाचे सॉलिसिटर जनरल झाले.

आता महाभियोगाचं. अमेरिकी राज्यघटनेत स्वच्छ लिहिलंय की महाभियोगात दोषी ठरलेल्या माणसावर त्यानंतरही कायद्यानुसार दोषारोप, खटला आणि शिक्षा होऊ शकते. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात पद गेल्यावरच्या खटल्याची कल्पना होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ट्रम्प यांना महाभियोगात दोषी ठरवण्याच्या बाजूनं ५७ विरुद्ध ४३ मतं पडली आणि दोनतृतीयांश न झाल्यानं ट्रम्प सुटले, तेव्हा रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोषच्या बाजूनं मत दिलं. आणि लगेच सभागृहात उभं राहून सांगितलं की ते अजून कशातूनही सुटलेले नाहीत, देशात फौजदारी न्यायव्यवस्था आहे. साडेतीन वर्षांत चेंडू फिरून परत आला. सिनेट म्हणते न्यायालय बघेल, न्यायालय म्हणतं आमच्या हातात फारसं नाही.

अभयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मला वॉटरगेट प्रकरणात अडकलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याबद्दल एक प्रश्न विचारायचाय. ९ ऑगस्ट १९७४ ला त्यांनी राजीनामा दिला आणि ८ सप्टेंबरला त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. माजी राष्ट्राध्यक्षाला अभय होतंच, तर ही माफी कशाला लागली? देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि त्यावर चिडलेल्या सगळ्या देशाला खटला होऊ शकतो हे ठाऊक होतं म्हणूनच ना? २००१ मध्ये क्लिंटन यांनीही पद सोडण्याच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांशी तडजोड केली. शपथेवर दिशाभूल करणारी उत्तरं दिल्याचं कबूल केलं, वकिलीची सनद पाच वर्षं निलंबित करून घेतली, २५,००० डॉलर दंड भरला. दुसऱ्या दिवसापासून आपण साधे नागरिक असू हे त्यांनाही कळत होतं.

आणि निक्सन यांना ज्या ध्वनिफितीनं बुडवलं तिच्यात काय होतं? २३ जून १९७२ चं संभाषण. एफबीआयचा वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीचा, तपास रोखण्यासाठी सीआयएला पुढे करायचं, असं निक्सन आपल्या सहाय्यकाला सांगताहेत. राष्ट्राध्यक्ष आपल्या कार्यालयात, आपल्या माणसाशी, आपल्या हाताखालच्या दोन यंत्रणांबद्दल बोलतोय. माझ्या वाचनाप्रमाणे २०२४ च्या कसोटीवर हे अधिकृत कामकाज ठरतं. ती फीत ज्युरीच्या कानावर पडली असती की नाही याची मला दाट शंका आहे.

बरं, दुसरी बाजू. तिच्यात दम नाही असं मी म्हणणार नाही.

पहिला मुद्दा, खटल्याची भीती असेल तर राष्ट्राध्यक्ष धाडसी निर्णय घेणार नाही. हा मला सगळ्यांत लेचापेचा वाटतो. २०२४ पर्यंत असं अभय कुठल्याही निकालात नव्हतं. तरी दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्ट यांनी सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, ओबामा यांच्या काळात २०११ मध्ये येमेनमध्ये ड्रोन हल्ल्यात एक अमेरिकी नागरिक मारला गेला. यातलं योग्य किती, अयोग्य किती हा वेगळा वाद. पण हात थरथरले म्हणून निर्णय अडलेत, असं काही इतिहासात दिसत नाही. उलट थोडे थरथरायला हवे होते.

दुसरा मुद्दा सूडाचा. हा खरा आहे. ब्राझीलमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना २०१८ मध्ये तुरुंगात टाकलं, ५८० दिवस ते आत होते, त्या वर्षीची निवडणूक हुकली. त्यांना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश सर्जिओ मोरो नंतर, ती निवडणूक जिंकलेल्या बोल्सोनारो यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले. याहून उघडं काय असायचं? २०२१ मध्ये शिक्षा रद्द झाली, मोरो पक्षपाती होते असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, २०२२ मध्ये लुला पुन्हा निवडून आले. पण गेलेले दिवस आणि गेलेली निवडणूक कुणी परत आणून देत नाही. हे मी नाकारत नाही.

मात्र सूडाची भीती दाखवून जे अभय मागितलं, त्यानं सूड घेणारालाच वाचवलंय. याच निकालात म्हटलंय की राष्ट्राध्यक्षांनी न्याय खात्याशी केलेल्या चर्चेला संपूर्ण अभय. सूडाचा खटला भरायला जी यंत्रणा लागते ती कुणाच्या हातात असते? पदावर बसलेल्याच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी न्याय खात्याच्या प्रमुख असलेल्या ॲटर्नी जनरलना उद्देशून आपल्या विरोधकांवर कारवाई करा अशी जाहीर पोस्ट टाकली, काही दिवसांतच एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर दोषारोप ठेवले गेले. सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा म्हणून नोव्हेंबरमध्ये तो खटला निकाली निघाला. कोमी यांना वाचवलं ते न्यायालयानं. आणि उद्या कुणी म्हटलं की यंत्रणा सूडासाठी वापरली याची चौकशी करा, तर संपूर्ण अभय आडवं येईल.

तिसरा मुद्दा मात्र मला खरंच छळतो. बाहेर पडलं की तुरुंग हे माहीत असलेला माणूस खुर्ची सोडेलच कशाला? ३१ डिसेंबर १९९९ ला रशियाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन पायउतार झाले आणि त्याच दिवशी पुतिन यांनी त्यांना अभय देणाऱ्या हुकमावर सही केली. सत्तांतर शांततेत झालं. चिलीत हुकूमशहा पिनोशे यांनी १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलं, पण लष्करप्रमुखपद १९९८ पर्यंत आणि मग तहहयात सिनेटरपद पदरात ठेवून. हुकूमशहाला दारापर्यंत न्यायचं तर काहीतरी द्यावं लागतं, हे मान्य. पण रशियात पुढे काय झालं तेही बघू. डिसेंबर २०२० मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांना आजन्म अभय देणारा कायदा झाला. पुतिन हलले नाहीत. आणि अमेरिकेत १७९७ पासून राष्ट्राध्यक्ष असल्या कुठल्याही हमीशिवाय घरी जातच होते. उलट आता एक नवीन आमिष तयार झालंय: खटला चालू असेल तर निवडणूक जिंका. २५ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प यांच्यावरचा निवडणुकीसंबंधीचा खटला काढून टाकला गेला तो नेमका याचसाठी, की ते निवडून आले होते आणि पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही हे न्याय खात्याचं जुनं धोरण.

मला सगळ्यांत पटतो तो दक्षिण कोरियाचा रस्ता. आदर्श म्हणून नव्हे. तिथे माजी राष्ट्राध्यक्ष तुरुंगात जाणं इतकं नेहमीचं झालंय की त्याचं हसू व्हावं. रोह मू-ह्युन यांनी तर २००९ मध्ये चौकशी सुरू असताना जीव दिला. तरी तिथला क्रम बघा. लष्करी बंड करून सत्तेवर आलेले चुन डू-ह्वान १९९६ मध्ये दोषी ठरले, फाशीची शिक्षा सुनावली गेली, अपिलात ती जन्मठेप झाली. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना माफी मिळाली. ती दिली मावळते राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी, पण नुकतेच निवडून आलेले किम डे-जुंग यांच्या संमतीनं. हे किम डे-जुंग म्हणजे ज्यांना १९८० मध्ये चुन यांच्याच राजवटीत लष्करी न्यायालयानं फाशी सुनावली होती! देशात सलोखा हवा, माफी हवी, सगळं हवं. पण आधी साक्षीपुरावे झाले, ग्वांगजू शहरात आंदोलकांना मारल्याची जबाबदारी निकालपत्रात नोंदली गेली, आणि मग माफी. चुन यांनी शेवटपर्यंत क्षमा मागितली नाही. पण आपण निर्दोष सुटलो असंही त्यांना म्हणता आलं नाही.

माफी आणि अभय यांत हाच फरक आहे. माफीखाली कुणाची तरी सही असते. फोर्ड यांनी ती केली आणि १९७६ ची निवडणूक हरताना तिचं ओझं वाहिलं. अभय म्हणजे गुन्हा काय होणार हे माहीत नसताना सही करून ठेवलेला कोरा चेक, आणि त्याचा जाब मतदार कुणाला विचारणार? निवडून न आलेल्या सहा न्यायमूर्तींना?

फ्रान्सची तरतूद मला त्यातल्या त्यात नीटनेटकी वाटते. पदावर असेपर्यंत खटला नाही, तेवढा काळ मुदतीचा कायदाही (किती वर्षांत खटला भरायचा ते ठरवणारा) थांबलेला, आणि पद सुटल्यावर महिन्याभरानं, पदाच्या अधिकृत कृती वगळता, बाकीचं पुन्हा सुरू. माजी राष्ट्राध्यक्ष शिराक यांना २०११ मध्ये त्यांच्या महापौरपदाच्या काळातल्या प्रकरणात दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी तर ऑक्टोबर २०२५ मध्ये खरोखर तुरुंगात गेले, तीन आठवड्यांनी अपील प्रलंबित म्हणून बाहेर आले. फ्रान्स बुडाला नाही. भारताच्या राज्यघटनेतलं ३६१ वं कलमही राष्ट्रपती आणि राज्यपालांना फौजदारी खटल्यापासून 'पदावर असेपर्यंत' एवढंच संरक्षण देतं. बाबरी खटल्यात कल्याणसिंह राज्यपाल होते तोवर आरोप ठेवता आले नाहीत, २०१९ मध्ये पद सुटल्यावर ठेवले गेले, आणि २०२० मध्ये इतरांबरोबर ते निर्दोष सुटले. निकाल कुणाला पटो न पटो, क्रम बरोबर होता.

'थांबलेला मुदतीचा कायदा' हा भाग वाचून सोडून देऊ नका. अमेरिकेत बहुतेक संघीय गुन्ह्यांना पाच वर्षांची मुदत असते आणि राष्ट्राध्यक्ष सलग आठ वर्षं पदावर राहू शकतो. पदावर असताना खटला नाही असं म्हणायचं आणि घड्याळ चालू ठेवायचं, तर पहिल्या दोन-तीन वर्षांतले गुन्हे आपोआप माफ. अमेरिकी काँग्रेसला पदावरच्या काळात हे घड्याळ थांबवणारा साधा कायदा करता येईल. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. अधिकृत कृतींबाबतचं अभय काढायचं तर मात्र दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागेल, किंवा याच न्यायालयाला एक दिवस स्वतःचा निकाल फिरवावा लागेल. निकालानंतर तशा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव डेमोक्रॅट सदस्यांनी मांडला होता. तो पुढे सरकला नाही. दोन्ही पक्षांना आपलाच माणूस पुढचा राष्ट्राध्यक्ष होईल असं वाटत असतं, तोवर तो सरकेल असं मला वाटत नाही.