धुळ्याला जायचंय? मग आधी जळगावकडे वळा

परवा सकाळी आमच्या फाट्यावर पोलिसांची गाडी उभी होती. राँग साईडने येणाऱ्या मोटारसायकली एकेक करून बाजूला घेणं चालू होतं. पावत्या फाटत होत्या. (आता फाटत नाहीत, मशीनमधून निघतात, पण तोंडात तेच बसलंय.) फवारणीचा पंप पाठीला बांधलेले एक आजोबा पावती हातात घेऊन शांतपणे विचारत होते, "मंग जाऊ कथाईन साहेब?" साहेबही आपल्याच भागातले असावेत, कारण ते हसले. हसले, पण कुठून जायचं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. फाट्याचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की कमेंटमध्ये रस्ता राहील बाजूला आणि तालुक्याचं राजकारण सुरू होईल. पारोळा-एरंडोल पट्ट्यात, 53 नंबरच्या हायवेला (आपल्यासाठी अजूनही सहा नंबरच) लागून गाव आहे एवढं पुरे.

आधी नकाशा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. काडीने मातीत काढून बघा हवं तर.

गाव हायवेच्या उत्तरेला. गावाचा रस्ता खाली येऊन हायवेला मिळतो. उजव्या हाताला धुळे, डाव्या हाताला जळगाव. रस्ता दोन पदरी होता तेव्हा काही प्रश्नच नव्हता. धुळ्याला जायचं तर दोन्हीकडे बघायचं, उजवीकडे वळायचं, डाव्या कडेला लागायचं, संपलं. मग चौपदरीकरण झालं. आता गावासमोर जी बाजू लागते तिच्यावरची सगळी वाहनं धुळ्याकडून येतात आणि जळगावला जातात. आपली धुळ्याची बाजू दुभाजकाच्या पलीकडे. आणि दुभाजक गावासमोर सलग आहे. कट दिलाय तो डाव्या हाताला, दोन-अडीचशे मीटर पुढे.

म्हणजे धुळ्याला जायचं असेल तर आधी जळगावकडे वळायचं, कटापर्यंत जायचं आणि तिथून उलटं फिरायचं. हे एकदा कळलं की सोपं आहे. पण ते सांगणारं तिथं काही नाही.

उलट जे आहे ते चुकवणारं आहे. गावाचा रस्ता जिथं हायवेला मिळतो तिथं जुनी पाटी उभी आहे: धुळे, बाण उजवीकडे, जळगाव, बाण डावीकडे. दोन पदरी रस्त्याच्या काळात ती पाटी बरोबर होती. रस्ता बदलला, पाटी कुणी बदलली नाही. आजही ती रोज शेकडो लोकांना समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडात वळायला सांगते. सरकारी खांबावर, सरकारी अक्षरात.

दिवसा माणूस समोरची वाहनं बघून सावरतो. रात्रीचं वेगळं. दुभाजकात कण्हेर लावलीय. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून लावतात, चांगलीच गोष्ट आहे, गुरंही तिला तोंड लावत नाहीत. पण आता ती पुरुषभर वाढलीय. गावाच्या रस्त्यावरून येऊन थांबलात की पलीकडचा रस्ता दिसतच नाही. समोर दिसतो तो एक डांबरी पट्टा आणि त्यामागे काळोखी झाडी. शेताच्या बांधावरची असावी तशी. अनोळखी माणसाला वाटतं, हाच तो रस्ता, दोन पदरी. तो उजवीकडे वळतो, इमानदारीत डाव्या कडेला लागतो, आणि त्याला पत्ताच नसतो की आपण उलटे निघालोय.

अनोळखी कशाला, मीच गेलोय.

गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या गावी हळदीला गेलो होतो. परतताना धुळ्याला मेहुण्यांकडे मुक्काम करायचा होता. रात्रीचे साडेअकरा. मी या फाट्यावरून पंधरा वर्षं अप-डाऊन करतोय, पण शाळा जळगावच्या बाजूला, त्यामुळे रोज डावीकडेच वळतो. त्या रात्री पाटी बघितली, बाण बघितला, हाताला जुनी सवय होती, वळलो उजवीकडे. पोटात हळदीचं जेवण, डोक्यात झोप. समोरून दोन दिवे आले. मी डिपर मारला. म्हणजे बघा, उलटा मी आणि डिपरही मीच मारतोय! समोरचा हॉर्न सोडेना, तेव्हा बायको एकच शब्द बोलली, "दुभाजक." तो माझ्या डावीकडे होता. असायला हवा होता उजवीकडे. गाडी उजव्या हाताच्या साईडपट्टीवर, मातीत घातली. कंटेनर गेला. त्याच्या वाऱ्याने आमची गाडी हलली. मेहुण्यांकडे पोचेपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

मी दारू पीत नाही, गाडी शिकून वीस वर्षं झाली, मुलांना वर्गात वाहतुकीची चिन्हं मी स्वतः शिकवतो. त्रिकोणात इशारा, गोलात हुकूम, चौकोनात माहिती. तरी गेलो. तेव्हापासून "राँग साईडने जाणाऱ्यांना झोडलं पाहिजे" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो.

एका रविवारी फाट्यावरच्या आबांच्या टपरीवर बसून तासभर नुसतं बघितलं. तेव्हा लक्षात आलं की उलटे जाणारे दोन जातीचे आहेत.

एक जाणूनबुजून जाणारे. एमएच 19, एमएच 18, म्हणजे जळगाव-धुळ्याच्याच गाड्या, बहुतेक दुचाक्या, कापसाचे ट्रॅक्टर, दुधाचे कॅन. हे जळगावकडून येतात. त्यांना कट गावाच्या आधीच लागतो. कटातून वळलं की गाव दोन-अडीचशे मीटरवर समोर दिसतं, पण उलट्या दिशेने. सरळ मार्गाने यायचं तर गाव डोळ्यांसमोरून मागे टाकून पुढच्या कटापर्यंत जायचं, तिथून फिरून परत यायचं, जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर. पेट्रोलचा भाव बघता कोण जाईल? मी त्यांचं समर्थन करत नाही, पण त्यांच्यापुढे तुम्ही दहा लाल पाट्या लावल्या तरी ते जाणार. त्यांना पाटी नको, वाट पाहिजे. गावाच्या बाजूने दोनशे मीटरचा दुतर्फी सर्व्हिस रोड झाला तर ही जात जवळपास संपते. ते काम मोठं आहे, निधी, मोजणी, भूसंपादन. त्यावर बोलायला वेगळी पोस्ट लागेल.

दुसरी जात न कळत जाणाऱ्यांची. सुरतच्या जीजे 05, इंदूरच्या एमपी 09, पुण्याच्या गाड्या. आणि यांत मला जास्त दुखतं ते सुरतच्या गाड्यांचं, कारण त्यांत बसलेली माणसं आपलीच असतात. सुरतच्या उधना-लिंबायतला अर्धा खानदेश राहतो. आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या सणाला गाडी करून येतात. येताना अडचण नाही, धुळ्याकडून येणाऱ्याला गाव डाव्या हातालाच लागतं. घोळ परतताना. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून रविवारी रात्री किंवा पहाटे तीनला निघतात. कानबाईच्या प्रसादाचे रोट खाऊन, पोरं मागच्या सीटवर झोपलेली. हा माणूस याच गावात वाढलाय, याच फाट्यावर एसटीची वाट बघत उभा राहिलाय. त्याला कुणी विचारलं तर तो खात्रीने सांगेल, सुरत उजवीकडे. पाटीही तेच सांगते.

या दुसऱ्या जातीसाठी पाटी हेच औषध आहे, आणि ते स्वस्त आहे. माझा सगळा जीव या एका मुद्द्यात आहे: पाटी वळायच्या आधी बोलली पाहिजे, आणि तिने दिशा सांगायच्या ऐवजी वळण सांगितलं पाहिजे.

सध्या तिथं "प्रवेश बंद"ची गोल लाल पाटी आहे, नाही असं नाही. पण ती कुठं? उजवीकडे वळून पन्नासेक पावलं गेल्यावर. म्हणजे चूक करून झाल्यावर ती सांगते की चूक झाली. आणि आता तीही दिसत नाही, कारण तिच्यासमोर एका दादांचा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वाढदिवस होऊन महिना झाला. दादा अजून फाट्यावर हात जोडून उभे आहेत.

पाहिजे काय, ते सांगतो. मी इंजिनिअर नाही, पण भारतीय रस्ते काँग्रेसची पाट्यांची संहिता आहे, आयआरसी 67, तिची 2022 ची आवृत्ती आहे. रस्त्यावरच्या पट्ट्या-बाणांसाठी आयआरसी 35 आहे. नियमांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

गावाच्या रस्त्यावर, हायवेच्या शंभरेक मीटर अलीकडे एक मोठी पाटी. तिच्यावर नुसता बाण नको, रस्त्याचं चित्र पाहिजे: डावीकडे वळून पुढे उलटं फिरणारा वाकडा बाण, आणि त्याच्या टोकाला लिहिलेलं "धुळे, सुरत". सुरत लिहिणं गरजेचं आहे. माणूस चिन्हाच्या मागे जात नाही, गावाच्या नावामागे जातो. मग तोंडावर, जिथं माणूस थांबून मान वळवतो, तिथं समोर दुभाजकात, थेट डोळ्यांसमोर डावीकडचा बाण. निळ्या गोलातला, म्हणजे हुकूम. "प्रवेश बंद" उजवीकडच्या कोपऱ्यालाच, वळायच्या आधी दिसेल अशी, आणि एक नको, रस्त्याच्या दोन्ही कडांना. ट्रकमागे उभी असलेली मोटारसायकल एका बाजूची पाटी बघूच शकत नाही. डांबरावर पांढरे बाण. कण्हेर तेवढ्या वीस-तीस मीटरपुरती गुडघ्याएवढी छाटायची, म्हणजे पलीकडचा रस्ता दिसेल. माझ्या मते या छाटणीनेच निम्मं काम होईल, आणि त्याला एक माणूस व एक कोयता लागतो.

आणि ती जुनी पाटी काढायची. नवी लावायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण जुनी उद्या काढा. खोटी पाटी असण्यापेक्षा पाटी नसलेली बरी, माणूस निदान थांबून आबांना विचारतो.

हा त्रास फक्त आपला नाही. जर्मनीत हायवेवर उलट्या येणाऱ्याला "गाइस्टरफारर" म्हणतात, म्हणजे भूत-चालक. ऑस्ट्रियात हायवेला जाणाऱ्या वाटांवर, चुकीच्या बाजूने शिरणाऱ्याच्या समोर भडक पिवळी पाटी येते, तिच्यावर थांबा म्हणणारा मोठा काळा पंजा. वाचता आलं नाही तरी पंजा कळतो. अमेरिकेत काही ठिकाणी "राँग वे"च्या लाल पाट्या मुद्दाम खाली, जमिनीपासून दोनेक फुटांवर लावल्या, कारण गाडीचा उजेड खालीच पडतो आणि प्यायलेला माणूस वर बघत नाही. तिकडे रस्त्यात बसवलेले चमकते खडेही असे असतात की बरोबर जाणाऱ्याला पांढरे दिसतात आणि उलट्या जाणाऱ्याला लाल. मला ते फार आवडलं. त्यात रस्ताच बोलतो, खांब लागत नाही, आणि त्यावर कुणाला फ्लेक्सही बांधता येत नाही.

आपल्याकडचा आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली. त्यातली सुमारे पाच टक्के उलट्या बाजूने चालवण्यामुळे. पहिला नंबर अर्थातच वेगाचा. पण या पाच टक्क्यांत किती जण गुन्हेगार आणि किती जण नुसते गोंधळलेले, हे कुठल्या रकान्यात येतं? अहवालात सगळे "नियमभंग" म्हणून जातात.

2019 मध्ये मोटार वाहन कायदा कडक झाला. उलट्या दिशेने चालवणं "धोकादायक वाहन चालवणं" या 184 कलमात घातलं, पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, शिवाय तुरुंगवासाची तरतूद. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दुरुस्तीत 198-अ हे कलमही आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. हे आमच्या फाट्यावर कुणी ऐकलेलंही नाही. आजोबांच्या पावतीवर तरी ते नव्हतं.

निवेदन दिलंय. आवकचा शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. हायवेचं बघणारे म्हणतात, जुनी पाटी गावाच्या रस्त्यावर आहे, तो आमच्याकडे नाही. गावाच्या रस्त्याचं बघणारे म्हणतात, हायवेच्या हद्दीत आम्ही खांब रोवू शकत नाही. दोघंही कागदावर बरोबर असतील. पाटी नेमकी दोघांच्या मधल्या दहा फुटांत उभी आहे आणि मजेत आहे.

म्हणून आता दोन गोष्टी ठरवल्यात. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते, तिथं दोन्ही खात्यांची माणसं एकाच टेबलावर असतात. निवेदन आता तिकडे. आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव: फाट्यावरच्या कुठल्याही वाहतूक पाटीसमोर फ्लेक्स लागणार नाही, कुणाचाही, अगदी सरपंचांचाही. सरपंच "बघू" म्हणालेत. "बघू" म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, पण सभेत माणसं आली तर बघावंच लागेल.

तुमच्याकडून एक हवंय. या पट्ट्यात तुमच्या फाट्यावरही अशी दोन पदरी काळातली पाटी उभी असेल तर फोटो पाठवा. दिवसाचा नको. रात्रीचा, गाडीच्या उजेडात, ड्रायव्हरच्या सीटवरून, गाडी थांबवून. दिवसाच्या फोटोत सगळ्या पाट्या छान दिसतात आणि साहेब लोक तोच फोटो बघतात. हायवेवरच्या तक्रारीसाठी 1033 हा फोन नंबर आहे, तिथेही नोंदवा, तक्रारीचा नंबर मिळाला की तो मला कळवा. दहा फाट्यांची एकच फाईल घेऊन जाऊ.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. सुरतच्या गाड्या त्या आठवड्यात येतील आणि रात्री परत निघतील. तोवर पाटी बदलेल असं मला वाटत नाही. आबा रात्री टपरीवर असतात तोवर उजवीकडे वळणाऱ्या गाडीसमोर बॅटरी हलवतात आणि ओरडतात, "ओ भाऊ, तिकून नही!" आजवर त्यांनी किती गाड्या फिरवल्या, त्यांनी मोजलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांना नवे सेल आणून दिलेत. टपरी अकराला बंद होते, त्या रविवारी एकपर्यंत बसतो म्हणालेत. एकनंतर मी आणि माझा पुतण्या आहोत. आणखी कुणाला यायचं असेल तर या, चहा आबांकडून.